नव्याण्णव टक्क्यांचे काय झाले?

१९९८ साली 'केमिस्ट्री अँड बायॉलॉजी' या नियतकालिकात पाच लेखकांचा एक छोटेखानी लेख आला. 'मेटाजीनोम' हा शब्द त्यात पहिल्यांदा छापला गेला. लेखकांत पहिले नाव होते अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ जो हँडल्समन यांचे. लेखाचे म्हणणे थोडक्यात असे : मातीतले बहुतेक जिवाणू प्रयोगशाळेत वाढत नाहीत. तेव्हा त्यांना वाढवण्याच्या नादी न लागता मातीतूनच सगळ्यांचा डीएनए एकदम काढू, त्याचे तुकडे ओळखीच्या जिवाणूत घालू आणि त्याच्याकडून या अनोळखी जिवाणूंची रसायने, विशेषतः नवी प्रतिजैविके, बनवून घेऊ.

कल्पना सांगायला सोपी आणि ऐकायला विलक्षण. शब्द तर झपाट्याने रुळला. आज समुद्राचे पाणी, माणसाचे आतडे, शहराचे सांडपाणी अशा सगळ्यांचा मेटाजीनोम तपासला जातो. २०१९ च्या अखेरीस वुहानमध्ये दाखल झालेल्या एका रुग्णाच्या फुप्फुसातील द्रवातून नवा कोरोना विषाणू ओळखला गेला, तोही याच घराण्यातल्या पद्धतीने. काय सापडेल हे आधी न ठरवता नमुन्यातली सगळी जनुकीय सामग्री वाचून काढायची, अशी ती पद्धत.

शब्द इतका रुळला की मूळ लेखात नेमके काय कबूल केले होते आणि त्यातले किती पदरात पडले, हे विचारायचे राहूनच जाते. आम्हाला इथे तेच विचारायचे आहे. शिक्षकांचा या हिशेबाशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध असा, की 'मातीतले नव्याण्णव टक्के जिवाणू वाढवताच येत नाहीत' हे वाक्य लोकप्रिय विज्ञानलेखांतून वर्गापर्यंत पोचले आहे आणि ते जसे सांगितले जाते तसे खरे नाही. शिवाय हँडल्समन यांनी जनुकांइतकेच विज्ञान कसे शिकवावे याबद्दलही लिहिले आहे. 'शिकवण्याच्या पद्धतीलाही प्रयोगाची कसोटी लावा' असे बजावणाऱ्या व्यक्तीच्या संशोधनाला तीच कसोटी लावायला हरकत नसावी.

बशी आणि सूक्ष्मदर्शक

मातीतले जिवाणू मोजायची जुनी रीत आपल्या परिचयाची आहे. ग्रॅमभर माती निर्जंतुक पाण्यात ढवळायची, ते पाणी दहापट, शंभरपट, हजारपट असे पातळ करत न्यायचे, शेवटच्या नळीतला थेंब आगरच्या बशीवर पसरायचा आणि दोन-चार दिवसांनी उठलेले ठिपके मोजायचे. एक ठिपका म्हणजे मूळची एक पेशी, असा हिशेब. १८८० च्या दशकात रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत ही रीत बसली आणि तिने भरभरून दिले. १९४३ साली सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ या विद्यार्थ्याने मातीतल्या जिवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळवले. क्षयावरचे हे पहिले परिणामकारक प्रतिजैविक. आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये शोधल्या गेलेल्या हॅमायसिन या बुरशीनाशक प्रतिजैविकाचे. ते बनवणाऱ्या जिवाणूचे नावच स्ट्रेप्टोमायसिस पिम्प्रिना आहे.

पण त्याच मातीचा थेंब रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर बशीवरच्या ठिपक्यांच्या शंभरपट, कधी हजारपट पेशी दिसतात. १९८५ साली स्टॅली आणि कोनोप्का या दोघांनी या तफावतीला 'ग्रेट प्लेट काउंट ॲनॉमली' असे नाव दिले. त्याच सुमारास नॉर्मन पेस आणि त्यांचे सहकारी निसर्गातल्या नमुन्यातून थेट रायबोसोमच्या आरएनएची अक्षरे वाचू लागले होते. तिथे कोण कोण राहते याची जणू हजेरी त्यातून मिळे. १९९० साली नॉर्वेतल्या विग्डिस टोर्सविक आणि सहकाऱ्यांनी जंगलातल्या मातीतल्या डीएनएचे धागे सुटे करून ते पुन्हा जुळायला किती वेळ लागतो हे मोजले. जितकी विविधता जास्त तितका आपला जोडीदार सापडायला उशीर, या साध्या तर्कावरून त्यांनी अंदाज बांधला की त्यांच्या नमुन्यात सुमारे ४,००० वेगवेगळे जनुकसंच असावेत. बशीवर उठणारे प्रकार त्याच्या पासंगालाही पुरत नव्हते.

हँडल्समन यांचा लेख या पार्श्वभूमीवर आला. दडलेले जिवाणू आहेत, हे आधीच कळले होते. लेखात नवे होते ते 'त्यांना कामाला लावू' हे म्हणणे.

सातशेतला एक

त्यांचा पिंड मुळात मातीतला. जन्म १९५९ चा, न्यूयॉर्कमधला. पण कॉर्नेलमध्ये पदवी घेतली ती कृषिविद्येत. १९८४ साली विस्कॉन्सिनला रेणवीय जीवशास्त्रात डॉक्टरेट केली आणि पुढच्याच वर्षी तिथल्या वनस्पती-रोगशास्त्र विभागात त्या शिकवू लागल्या. सुरुवातीचे गाजलेले काम लसूणघासावरचे. फायटोफ्थोरा नावाच्या बुरशीसारख्या सजीवामुळे लसूणघासाची कोवळी रोपे कोलमडतात. हँडल्समन आणि सहकाऱ्यांनी लसूणघासाच्या मुळांवरून ७०० जिवाणू वेगळे काढले, एकेक करून रोपांवर लावून पाहिले. त्यांतला फक्त एक दरवेळी रोपे वाचवणारा निघाला. बॅसिलस सीरियसचा हा वाण यूडब्ल्यू-८५ या क्रमांकाने ओळखला जातो. तो झ्विटरमायसिन नावाचे प्रतिजैविक बनवतो.

हे काम १९९० साली प्रसिद्ध झाले. वाचकांनी ते लक्षात ठेवावे, कारण हे संपूर्ण बशीवरचे काम आहे. सातशे ठिपके, सातशे चाचण्या, एक यश. एवढी उस्तवार केल्यावर 'बशीवर न येणाऱ्यांकडे काय असेल?' हा प्रश्न कोणाच्याही मनात येईल.

२००० साली त्यांच्या गटाने पहिला मोठा हिशेब मांडला. मॅडिसनच्या शेतकी संशोधन केंद्रातील माती घेतली. तिच्यातला डीएनए काढणे हेच जिकिरीचे, कारण मातीतली ह्यूमिक आम्ले त्याच्याबरोबर येतात आणि पुढची सगळी रसायने बिघडवतात. तो स्वच्छ करून, तुकडे करून ई. कोलाय या जिवाणूत बसवले. दोन संग्रह झाले, त्यांतल्या मोठ्यात २४,५७६ क्लोन होते. प्रत्येकात सरासरी ४४,५०० अक्षरांचा तुकडा. मिळून सुमारे एक अब्ज अक्षरे. मग या क्लोनांना विचारायचे : तुझ्यात स्टार्च फोडणारे विकर आहे का? मेद फोडणारे? शेजारच्या जिवाणूला मारणारे काही? यातल्या काहींनी 'हो' म्हटले.

या पद्धतीचे वेगळेपण इथे नीट समजून घ्यायला हवे. २००४ साली क्रेग व्हेंटर यांनी सर्गासो समुद्राच्या पाण्यातला डीएनए सरसकट वाचून बारा लाखांहून अधिक जनुके जाहीर केली आणि जगभर त्याचा गवगवा झाला. त्यांतल्या असंख्य जनुकांचे काम काय, हे मात्र अक्षरे वाचून कळत नव्हते. ओळखीच्या जनुकाशी साम्य असले तर अंदाज करायचा, नसेल तर 'अज्ञात' असा शिक्का मारायचा. हँडल्समन यांचा मार्ग उलटा. जनुक कसे दिसते हे मागाहून बघू, आधी ते काय करते ते दाखव. आमच्या मते त्यांच्या जनुकीय कामातले हेच सर्वांत अस्सल आहे आणि व्हेंटर यांच्या आकड्यांच्या झगमगाटात त्याला मिळायला हवे तेवढे श्रेय मिळाले नाही.

फळ्यावरचे गणित

पण आता हिशेब. एक अब्ज अक्षरे हा आकडा ऐकून दडपून जाऊ नये. नॉर्वेच्या मातीचा अंदाज मॅडिसनच्या मातीला केवळ मासल्यापुरता लावू. ४,००० जनुकसंच, प्रत्येकी साधारण ४५ लाख अक्षरांचे धरले, तर प्रत्येकाची एकेक प्रत ठेवायलाच १८ अब्ज अक्षरे लागतील. संग्रहात होती त्याच्या अठराव्या हिश्शाइतकी. त्यातही मातीत जे जिवाणू मुबलक, त्यांच्याच प्रती पुन्हापुन्हा येणार आणि विरळ जिवाणू निसटणार. आठवी-नववीच्या मुलांना हे गणित सहज करता येईल आणि 'मातीचा संपूर्ण जनुकसंच' या शब्दांचे वजन किती, तेही त्यांना कळेल.

दुसरी अडचण लांबीची. प्रतिजैविक हे एका जनुकाचे काम नसते. पुष्कळ जनुके एका ओळीत बसून, कारखान्यातल्या मांडणीसारखी, तो रेणू टप्प्याटप्प्याने जोडतात. हँडल्समन यांच्याच झ्विटरमायसिनची सगळी जनुके पुढे २००९ साली मांडली गेली तेव्हा ती ६२,५०० अक्षरांवर पसरलेली निघाली. म्हणजे ४४,५०० अक्षरांच्या सरासरी तुकड्यात त्यांचे स्वतःचे प्रतिजैविकसुद्धा मावले नसते! १९९८ साली हे आकडे हाती नव्हते, हे मान्य. पण प्रतिजैविकांची जनुके अशी लांबलचक समूहात असतात हे तेव्हा ठाऊक होते. त्या लेखातल्या उत्साहाला या जाणिवेचा लगाम असायला हवा होता.

तिसरी अडचण ई. कोलायची. परक्या जिवाणूचे जनुक त्याच्यात घातले म्हणजे तो ते वाचेलच असे नाही. कुठून सुरुवात करायची याच्या खुणा प्रत्येक घराण्यात वेगळ्या. वाचले तरी तो रेणू बनवायला लागणारा कच्चा माल त्याच्याकडे असेलच असे नाही.

याचे सगळ्यात बोलके उदाहरण टर्बोमायसिन. २००२ साली हँडल्समन यांच्या गटाने मातीच्या डीएनएच्या संग्रहातून मिळवलेले हे प्रतिजैविक. गडद तपकिरी रंगाच्या एका क्लोनमुळे लक्ष गेले आणि त्यातून टर्बोमायसिन ए व बी हे रेणू हाती आले. अनेक जातींच्या जिवाणूंवर ते चालत होते. मातीतून आलेल्या जनुकामुळे तपकिरी वर्णद्रव्य तयार होण्याची वाट उघडली होती, पण रेणू घडायला इंडोलही लागत होते आणि ते इंडोल ई. कोलायचे स्वतःचे होते. मग प्रश्न असा पडतो : हे प्रतिजैविक मातीतल्या त्या मूळ जिवाणूने कधी बनवले होते का? की पाहुण्याचे जनुक आणि यजमानाचे रसायन यांच्या भेटीत ते प्रयोगशाळेतच जन्मले? रसायन म्हणून ते खरे आहेच. पण 'अनोळखी जिवाणूंच्या रसायनांपर्यंत पोचण्याची वाट' हा जो दावा होता, त्याचा पुरावा म्हणून ते कच्चे पडते. टर्बोमायसिन पुढे औषध झाले नाही.

याचा अर्थ कल्पनाच चुकीची होती असा मात्र काढू नये. १९९८ च्या त्या लेखाच्या पाच लेखकांपैकी एक होते शॉन ब्रॅडी. ते नंतर न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात गेले आणि हीच वाट धरून राहिले. २०१८ साली त्यांच्या गटाने मातीच्या डीएनएतून मॅलॅसिडिन नावाची प्रतिजैविके मिळवली. अनेक औषधांना न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसने उंदरांच्या त्वचेवर केलेला संसर्ग त्यांनी हटवला. वीस वर्षांनी का होईना, वचन पाळले गेले म्हणायचे. पण कसे? ब्रॅडी यांनी क्लोनांना 'तू काय करतोस' असे विचारले नाही. आधी विशिष्ट अक्षरांची खूण शोधली, मग तुकडे जोडून पूर्ण लांबीचा समूह तयार केला आणि तो ई. कोलायऐवजी स्ट्रेप्टोमायसिसमध्ये घातला. म्हणजे शॉर्टकट म्हणून सुचवलेल्या वाटेवर शेवटी वाक्समन यांच्या काळापासून ओळखीचा जिवाणूच मदतीला घ्यावा लागला.

'वाढत नाहीत' आणि 'वाढवले नाहीत'

आता त्या नव्याण्णव टक्क्यांकडे येऊ. स्टॅली आणि कोनोप्का यांची तफावत पेशींच्या संख्येतली होती : बशीवर एक, भिंगाखाली शंभर. त्या शंभरांत काही मेलेल्या पेशी असतात, काही सुप्त असतात, काही ओळखीच्याच जातीच्या पण त्या दिवशी न उठलेल्या असतात. 'शंभरातल्या नव्याण्णव पेशी बशीवर आल्या नाहीत' यावरून 'शंभरातल्या नव्याण्णव जाती वाढवता येत नाहीत' असे म्हणणे म्हणजे शाळेत एका दिवशी गैरहजर असलेली मुले शाळेच्या पटावरच नाहीत असे म्हणण्यासारखे आहे. मेटाजीनोमिक्सच्या बाजूने लिहिणाऱ्या कितीतरी लेखांची सुरुवात याच आकड्याने होते आणि पेशी व जाती यांतला फरक तिथे सर्रास पुसला जातो.

दुसरी गफलत 'येत नाहीत' या शब्दांत. २००२ साली मेलबर्नमध्ये पीटर यान्सन आणि सहकाऱ्यांनी मातीतल्या जिवाणूंना नेहमीच्या पौष्टिक माध्यमाऐवजी अगदी पातळ माध्यम दिले आणि दोन-चार दिवसांऐवजी आठवडेच्या आठवडे वाट पाहिली. पूर्वी बशीवर क्वचितच आलेल्या गटांतले जिवाणू उगवले. त्याच वर्षी अमेरिकेत ओरेगॉनमध्ये समुद्रातला एसएआर-११ हा जिवाणू वाढवला गेला. १९९० पासून तो फक्त जनुकावरून माहीत होता, जगातल्या सर्वांत विपुल सजीवांपैकी एक असूनही. त्याला हवे होते जवळपास नुसते समुद्राचे पाणी. आपण त्याला मेजवानी वाढत होतो आणि तो उपाशी राहत होता. २०१५ साली बोस्टनच्या किम लुइस आणि स्लाव्हा एपस्टाइन यांनी बारीक छिद्रांच्या पट्टीत एकेक पेशी अडकवून ती पट्टी परत मातीतच पुरली आणि अशा वाढवलेल्या जिवाणूपासून टेक्सोबॅक्टिन हे नवे प्रतिजैविक मिळवले. जी खाण 'वाढत नाही' म्हणून सोडून दिली होती, तिच्यातून आलेले हे प्रतिजैविक वाढवूनच मिळाले.

तेव्हा 'अजून न वाढवलेले' असे म्हणावे. त्यांचे प्रमाण नक्की किती, यावर २०१९ मध्येही एकाच नियतकालिकात दोन गट भांडत होते. मार्टिनी यांचे म्हणणे, अनेक अधिवासांतले मोठ्या प्रमाणातले जिवाणू वाढवले गेलेले आहेत. स्टीन आणि सहकाऱ्यांचे उत्तर, बहुसंख्य अजून नाहीतच. 'जवळचे नातलग' कशाला म्हणायचे यावर उत्तर बदलते. अशा विषयात गोळीबंद नव्याण्णवचा आकडा वर्गात सांगू नये, असे आम्हाला वाटते.

शेणखतातली जनुके

मग हँडल्समन यांच्या जनुकीय कामाचे खरे उत्पन्न कुठे आहे? आमच्या मते, ज्याची जाहिरात कमी झाली तिथे. नवी प्रतिजैविके शोधताना ज्या चाळणीने त्यांना फारसे दिले नाही, तीच चाळणी त्यांनी उलट्या प्रश्नासाठी लावली : प्रतिजैविकाला दाद न देण्याची जनुके मातीत कुठवर आहेत? इथे पद्धत चपखल बसते. दाद न देण्याचे काम बहुधा एकच जनुक करते, तुकडा लहान असला तरी चालतो आणि चाचणी सोपी : प्रतिजैविक घातलेल्या बशीवर जो क्लोन जगला, त्याच्यात ते जनुक आहे.

२००९ साली अलास्कातल्या दुर्गम मातीतून, जिथे माणसाच्या औषधांचा फारसा स्पर्श नाही, पेनिसिलिन गटातली औषधे फोडणाऱ्या विकरांची जनुके सापडली. त्यांतली काही ओळखीच्या जनुकांपासून इतकी दूरची होती की नुसती अक्षरे वाचून ओळखणे अवघड गेले असते. दाद न देणे हे दवाखान्यांनी निर्माण केलेले संकट आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही जनुके त्याहून खूप जुनी आहेत. औषधांच्या बेसुमार वापराने त्यांना राजमार्ग मिळवून दिला, इतकेच.

२०१० पासून त्या येल विद्यापीठात होत्या. तिथून २०१४ साली दोन लेख आले. पहिल्यात पाच दुभत्या गाईंच्या शेणातल्या डीएनएतून दाद न देणारी ८० वेगवेगळी जनुके मिळाली. दुसऱ्यात त्यांनी दोन जमिनींची तुलना केली : एकीला प्रतिजैविके न दिलेल्या गाईंचे शेणखत, दुसरीला रासायनिक खत. शेणखत घातलेल्या जमिनीत दाद न देणारे जिवाणू वाढले. हे जिवाणू शेणातून आलेले असतील असे आपल्याला वाटेल. पण त्यांतले बरेचसे जमिनीतले मूळचेच रहिवासी होते. खतातल्या कशानेतरी त्यांना जोर आला होता.

हा निष्कर्ष आपल्याकडे वाचताना सावध राहायला हवे. कनेक्टिकटमधल्या गाईंचे ताजे शेण आणि आपल्या उकिरड्यात महिनोन्‌महिने कुजलेले शेणखत एक नव्हे. शेणखत घातक आहे असे या लेखात कुठेही म्हटलेले नाही. ही जनुके रोगजंतूंत गेली असेही नाही. पण 'गाईला औषध दिले नाही म्हणजे प्रश्न मिटला' या सोप्या समजुतीला मात्र त्याने चांगलाच धक्का दिला. चांगल्या प्रयोगाचे काम तेच असते.

पुन्हा बशीकडे

२००४ साली हँडल्समन आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये 'सायंटिफिक टीचिंग' नावाचा लेख लिहिला. म्हणणे झोंबणारे होते : प्रयोगशाळेत पुराव्यावाचून एक पाऊल न टाकणारे शास्त्रज्ञ वर्गात गेले की नुसते व्याख्यान देतात, आणि त्याने मुले कमी शिकतात याचा पुरावा समोर असून तो बघत नाहीत. २०१२ साली त्यांच्या गटाने हीच कसोटी शास्त्रज्ञांच्या निवाड्याला लावली. प्रयोगशाळा व्यवस्थापकाच्या नोकरीचा एकच अर्ज १२७ विज्ञान-प्राध्यापकांना पाठवला. काहींच्या प्रतीवर नाव जॉन, काहींच्या प्रतीवर जेनिफर. जॉनला सरासरी ३०,२३८ डॉलर देऊ केले गेले, जेनिफरला २६,५०८. स्त्री-प्राध्यापकही याला अपवाद नव्हत्या. प्रयोग एका प्रकारच्या नोकरीपुरता होता. २०१५ साली विल्यम्स आणि सेसी यांनी प्राध्यापकपदाच्या काल्पनिक निवडीवर केलेल्या प्रयोगात कल नेमका उलट, स्त्रियांच्या बाजूने आला. त्यामुळे पहिल्या प्रयोगावरून साऱ्या विज्ञानजगताचे निदान करणे धाडसाचे होईल. पण नाव सोडून बाकी सगळे स्थिर ठेवण्याची त्याची रचना इतकी स्वच्छ आहे की नियंत्रित प्रयोग म्हणजे काय, हे शिकवायला आम्हाला याहून चांगले उदाहरण माहीत नाही.

आणि याच काळात, येलला असताना, त्यांनी विद्यार्थ्यांसाठी जो अभ्यासक्रम सुरू केला तो मेटाजीनोमचा नव्हता. विद्यार्थ्याने आपल्या आवडीच्या जागेची माती आणायची, ती पातळ करून बशीवर पसरायची, उठलेल्या जिवाणूंतला कोणता शेजाऱ्याला मारतो ते पाहायचे. ओबामा प्रशासनात २०१४ ते २०१७ विज्ञानविषयक जबाबदारी सांभाळून त्या विस्कॉन्सिनला परतल्या आणि २०१८ साली हा उपक्रम 'टायनी अर्थ' या नावाने नव्याने सुरू झाला. अनेक देशांतले हजारो विद्यार्थी त्यात माती तपासतात. चाचणीसाठी खरे रोगजंतू वापरत नाहीत, त्यांचे निरुपद्रवी नातलग वापरतात.

ज्यांनी बशी अपुरी आहे असे जगाला पटवले, त्यांनीच बशी परत आणली. यात विसंगती आहे का? आम्हाला तसे वाटत नाही. सातशेतला एक शोधणाऱ्या संशोधिकेला बशीची ताकद ठाऊक होतीच. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या कामाकडे पाहिले तर हे अधिक पटते. मुळांवरून बॅसिलस सीरियस वेगळा काढताना त्याच्याबरोबर काही वेळा एक फ्लॅव्होबॅक्टीरियम लपून यायचा, जणू गाडीला लटकून फुकट प्रवास करणारा. त्याला आणि एका स्यूडोमोनासला घेऊन २०१९ साली त्यांनी तीन जिवाणूंची छोटी वसाहत उभी केली. तिघे एकत्र असताना जे करतात ते एकेकटे असताना करत नाहीत. हजारो जनुकसंचांच्या राशीतून निघून तीन जिवंत जिवाणूंवर येणे, यात आम्हाला माघार दिसत नाही.

प्रश्न उरतो तो अभ्यासक्रमाच्या आश्वासनाचा. 'तुमच्या अंगणातल्या मातीत उद्याचे औषध असेल' हे वाक्य विद्यार्थ्यांना खेचून आणते. पण १९९८ चा उत्साह इथे पुन्हा डोकावतो. वाक्समन यांच्यानंतर लाखो जिवाणू तपासले गेले आहेत. बशीवर सहज येणारे बहुतेक जण पूर्वी सापडलेलीच प्रतिजैविके पुन्हा हाती देतात. या उपक्रमाची किंमत औषधांत मोजली तर तो फसेल; विद्यार्थ्याला उत्तर ठाऊक नसलेला प्रयोग करायला मिळतो, यात मोजली तर टिकेल. प्रचारात मात्र पहिलेच माप पुढे केले जाते.

आपल्या शाळांना टायनी अर्थ जसाच्या तसा उचलता येणार नाही. तो महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी आहे, आणि मातीतून काय उगवेल याचा नेम नसल्याने शाळेत जिवाणू निवडून वाढवणे, त्यांच्यावर औषधे लावून पाहणे टाळलेलेच बरे. पण यान्सन यांच्या प्रयोगाचे साधे रूप करता येईल. किराणा दुकानातल्या चायना ग्रासचे दोन प्रकारचे जेल करावे : एकात डाळीचे गाळलेले पाणी जसेच्या तसे, दुसऱ्यात तेच शंभरपट पातळ. दोन्ही प्रेशर कुकरमध्ये वीस मिनिटे ठेवून निर्जंतुक करावीत, एकाच मातीचे एकाच प्रमाणात पातळ केलेले पाणी दोन्ही बशांवर पसरावे, बशा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि नंतर उघडू नयेत. रोज झाकणावरूनच ठिपके मोजून दोन स्तंभांत लिहावेत. नेहमीच्या तीन दिवसांवर थांबू नये, निदान महिनाभर मोजत राहावे. शेवटी बशा न उघडता पुन्हा कुकरमध्ये शिजवून मगच टाकाव्यात.